हिरव्याचं वजन

गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याचा कोड तपासायला आला. रंगीत फोटो ग्रेस्केल करायचा होता. त्याने लाल, हिरवा आणि निळा यांची बेरीज करून तिनाने भागलं होतं. या सरासरीत शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिन्ही ८५ वर येतात, हिरव्या पाटीवरची लाल अक्षरं पुसली जातात. मी हरकत घेतली. "चालतंय ना, सर," एवढं उत्तर आलं आणि कोड तसाच पुढे गेला. मला ते फार लागलं.

डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो, निळा सर्वांत मंद. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही नीट दिसावं म्हणून अमेरिकेने १९५३ मध्येच हा हिशेब मानकात घातला. आपल्याकडे १९८२ चं एशियाड घरोघरच्या कृष्णधवल संचांवर दिसलं तेही याच तत्त्वावर. रंगांची वजनं अशी: लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४. १९८२ मध्येच डिजिटल व्हिडिओच्या मानकातही हेच आकडे आले.

मी हे काम शिकलो नव्वदच्या दशकात, पुण्यात, स्कॅन केलेल्या फोटोंवर. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० पिक्सेल, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या घरात गुणाकार. त्यात ४८६ एसएक्स प्रोसेसरला दशांशाचं गणित करणारा भागच नव्हता. म्हणून आम्ही ७७, १५०, २९ हे पूर्णांक वापरायचो. त्यांची बेरीज बरोबर २५६, त्यामुळे भागाकार टळायचा, आठ बिट उजवीकडे सरकवले की उत्तर हातात. गुणाकारही नको असेल तर प्रत्येक रंगासाठी २५६ नोंदींचा तक्ता आधीच तयार. विंडोजचं गेटपिक्सेल एकेका पिक्सेलसाठी सिस्टिमचं दार ठोठावायचं, म्हणून आम्ही थेट मेमरीत उतरायचो. बीएमपीत निळा आधी, ओळी खालून वर, प्रत्येक ओळ चार बाइटच्या पटीत, हे सगळं तोंडपाठ लागायचं. आडव्या ओळी सोडून कुणी उभा लूप लावला की कॅशे वाया जायची. मग १९९७ मध्ये प्रोसेसरमध्ये एमएमएक्स सूचना आल्या. पीएमएडीडीडब्ल्यूडी या एकाच सूचनेत चार गुणाकार आणि जोडीजोडीने बेरजा! तो आनंद अजून आठवतो.

आमचे तेव्हाचे साहेब म्हणायचे, "नवं मशीन घेऊ, डोकं कशाला खपवता?" नवी मशीन आली, पण चित्रंही मोठी झाली. साहेबांचं म्हणणं तेव्हाही चूक होतं.

पुढच्या वर्षांत लायब्रऱ्या आल्या आणि काम एका ओळीवर आलं. ओपनसीव्हीच्या त्या ओळीआड बरीच वर्षं आमचाच हिशेब होता, ४८९९, ९६१७, १८६८ आणि चौदा बिट सरकवणं. ती ओळ उघडून पाहणारे मात्र कमी झाले. आज फोनमधला साधा फोटो सव्वा कोटी पिक्सेलचा असतो, व्हिडिओत चौकटी सेकंदाला तीस, आणि फुकट गेलेलं काम बॅटरीतून वसूल होतं. हे समजून घ्यायला नव्या मुलांना दोन दिवसही कुणी देत नाही. माझा राग मुलांवर नाही, त्यांच्या कामाच्या तारखा ठरवणाऱ्यांवर आहे.