दहा हजार वॅटला भुलू नका!

कापसाचा चुकारा हाती आला की घाटंजीच्या बाजारात खरेदीला जोर येतो. कपडालत्ता होतो, एखादा डाग घडवला जातो, आणि हल्ली घरातली तरुण मंडळी एक नवीच मागणी पुढे करतात. होम थिएटर घेऊ या, चांगला सबवूफरवाला! मागणी तशी गैर नाही. टीव्ही दिवसेंदिवस पातळ होत गेले, त्यांच्या पोटात स्पीकरला जागाच उरली नाही. त्यामुळे चित्र झकास पण आवाज चिरका, असं घरोघरी झालं आहे.

प्रश्न आहे तो निवडीचा. दुकानात गेलं की खोक्यावरचा ठळक आकडा दाखवून सांगतात, ‘‘हा घ्या भाऊ, दहा हजार वॅट! घर हलते पाहा.’’ यजमान मान डोलावतात, मुलं खूश होतात आणि घराचा हिशेब सांभाळणारी गृहिणी मात्र गप्प बसते. का, तर वॅट-बिट हे पुरुषांचं खातं!

पण मैत्रिणींनो, वॅटशी आपली रोजचीच ओळख आहे. मिक्सर ५०० किंवा ७५० वॅटचा, इस्त्री हजाराची, गिझर २००० चा. आता साधा भागाकार करा. घरातली वीज २३० व्होल्टची. दहा हजार वॅट हवे असतील तर सुमारे ४३ अँपिअर वीज ओढावी लागेल. टीव्हीमागचा साधा प्लग असतो ६ अँपिअरचा, म्हणजे फार तर १३८० वॅटचा. मग बाकीचे साडेआठ हजार वॅट आले कुठून?

आकडा फुगतो कसा?

ते येतात छापखान्यातून! खोक्यावर आकड्यापुढे बारीक अक्षरांत ‘पी.एम.पी.ओ.’ लिहिलेलं असतं. यंत्र डोळ्याची पापणी लवायच्याही आत, एका क्षणापुरती जास्तीत जास्त किती ताकद दाखवील, त्याचा हा अंदाज. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. त्यामुळे ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा.

खरा आकडा असतो ‘आर.एम.एस.’चा. यंत्र सतत, न थकता किती ताकद देऊ शकतं ते हा आकडा सांगतो. बाजार समितीतला हमाल क्षणभर दोन पोती उचलून दाखवील, पण दिवसभर वाहील ते वजन वेगळं. मजुरी ठरते ती दिवसभराच्या कामावर. इथेही तसंच आहे.

ही फुगवाफुगवी काही आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत तर १९७४ साली सरकारच्या व्यापार आयोगाला खास नियम करावा लागला, की घरगुती अँप्लिफायरच्या जाहिरातीत ताकद सांगायची तर ती सतत मिळणारी, ठरल्या पद्धतीने मोजलेलीच सांगावी.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे

समजा, आर.एम.एस.चा आकडा मिळाला. एक संच ५० वॅटचा आणि दुसरा १०० चा. दुसऱ्याचा आवाज दुप्पट येईल का? मुळीच नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला एवढंच वाटतं, की किंचित मोठा झाला. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॅट लागतात दसपट! तेव्हा ६० आणि ८० वॅटमधला फरक सहजासहजी कळणारही नाही. त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

म्हणून वॅट अगदी बिनकामाचे, असंही समजू नका. ताकद फारच कमी असली तर ढोलाच्या जोरदार ठोक्याला आवाज फाटतो, भर्रर्र होतो. दहा बाय बाराच्या खोलीत ५० ते १०० वॅट आर.एम.एस.चा, आठ इंची स्पीकरचा सबवूफर सहसा पुरून उरतो.

खरी करामत हवेची

सबवूफर म्हणजे केवळ खालच्या, घुमणाऱ्या स्वरांसाठी वेगळा काढलेला स्पीकर. तबल्याचा डग्गा, पखवाज, ढोल, सिनेमातला मेघांचा गडगडाट हे त्याचं काम. बाईचा आवाज त्याच्या वाट्याला फारसा येतच नाही. घरात मुख्यतः भावगीतं नि बातम्या ऐकायच्या असतील, तर सबवूफरऐवजी बाजूच्या दोन स्पीकरांवर पैसे घाला.

खालचा स्वर काढायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. ताटलीने वारा घालून पाहा आणि सुपाने घालून पाहा, फरक लगेच कळेल. आठ इंची स्पीकरचा पडदा पाच इंचीच्या अडीचपट मोठा असतो. शिवाय स्वर जितका खाली, तितकी मेहनत जास्त. ८० हर्ट्झचा स्वर ४० वर उतरवला आणि आवाज तेवढाच हवा असला, तर पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. भरीला आपला कानही खालच्या स्वरांना जरा मंदच. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच ते मोजून दाखवलं. म्हणून स्पीकरचे इंच, पेटीचा आकार आणि लाकडाची जाडी यांना वॅटइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व आहे. प्लॅस्टिकच्या इवल्याशा डब्यातून कितीही वॅट ओतले तरी डग्गा डग्ग्यासारखा वाजायचा नाही.

खोलीही बोलते

एवढं करून घरी आणलेला संच दुकानातल्यासारखा वाजेलच, असं नाही. खालचे स्वर भिंतींवर आपटून कुठे साचतात, तर कुठे नाहीसे होतात. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर जास्त घुमतो. एक पैसाही न घालता करण्याजोगा उपाय सांगते. आपण जिथे बसून टीव्ही पाहतो, तिथे सबवूफर ठेवा, गाणं लावा आणि मुलांना खोलीभर रांगत फिरू द्या. जिथे ठोका स्वच्छ, सुटा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. मुलांना खेळ होतो आणि आपलं कामही होतं.

आपल्याकडे टिनाची नि कवेलूंची घरं पुष्कळ. टिनाचा पत्रा, मांडणीवरची भांडी, खिडकीच्या काचा, सारं काही थरथरू लागतं. तो खडखडाट स्पीकरचा नव्हे, घराचा असतो. जास्त वॅट घेतले तर तोच वाढेल.

शेजार आणि कान

खालचे स्वर भिंती ओलांडून जातात. शेजारी कुणाचं दहावीचं वर्ष असतं, कुणाच्या घरी म्हातारी सासू आजारी असते, कुणाचं तान्हं नुकतंच झोपलेलं असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कानांचंही पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबलच्या पुढे जाऊ नका, असं सांगते. ‘घर हलते’ हा गुण नव्हेच मुळी!

दुकानात जाताना एवढं करा

१. पहिला प्रश्न हाच विचारा, ‘‘भाऊ, आर.एम.एस. किती?’’ त्यातही सबवूफरचे वेगळे किती, ते विचारा. पुष्कळदा सगळ्या स्पीकरांची बेरीज सांगतात.

२. मागच्या पट्टीवर यंत्र किती वीज घेतं ते वाचा. ते काटेकोर माप नव्हे, पण हजारोंच्या गप्पा उघड्या पडायला पुरे.

३. स्पीकर किती इंची, पेटी लाकडी की प्लॅस्टिकची आणि स्वर किती हर्ट्झपर्यंत खाली जातो, हे पाहा. अंगठ्याच्या पेराने पेटीवर टकटक करा. पोकळ, पातळ आवाज आला तर पुढच्या पेटीकडे वळा.

४. मोबाइलमध्ये आपलं ओळखीचं गाणं घेऊन जा आणि हळू आवाजात ऐका. डग्ग्याचे ठोके वेगवेगळे कळले पाहिजेत. नुसती घूंऽऽ ऐकू आली तर तो संच राहू द्या.

५. पक्कं बिल घ्या. सांगितलेला आर.एम.एस. आकडा बिलावर लिहून मागा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

चुकाऱ्याचा पैसा वर्षभराच्या घामाचा. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतो, साडीचा पदर उजेडात धरून पाहतो. मग हजारो रुपयांची पेटी नुसता आकडा वाचून का घ्यायची? काउंटरवर पुढे व्हा आणि विचारा. दोन प्रश्नांतच दुकानदार खालच्या फळीवरचा, लहान आकड्याचा पण चांगला संच काढून समोर ठेवतो की नाही, पाहा!