आपल्याला चालणारा कांदा मोतीला का बाधतो?

नेर परसोपंतला काय किंवा आणखी कुठे काय, मटणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवायची रीत जुनीच. हाडं तेवढी आपण वेचून काढतो; वाटणातला कांदा राहतोच. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात. नासलेल्या दुधासारख्या त्याच्या गुठळ्या होतात, पेशी फुटतात. अशा हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये ८, कुत्र्याच्या ४, आपल्या २. म्हणून मांजराला वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधतो, कुत्र्याला १५ ते ३०. शिजवून, तळून विष उतरत नाही. लसूणही त्याच कुळातला. पंचाईत अशी, की मलूलपणा, फिकट हिरड्या, तपकिरी लघवी हे बहुधा दोन-चार दिवसांनी दिसतं. कांदा पोटात गेल्याचं कळताच गुरांचा दवाखाना गाठा. दूध-तूप पाजत बसू नका.