घटस्फोट झाला की ग्रीन कार्ड जातं?

परदेशातलं स्थळ बारामती-इंदापूरच्या घरांना आता नवलाचं राहिलेलं नाही. बैठकीत पगार, घर, शिक्षण सगळं विचारलं जातं. मुलगी तिथे कोणत्या व्हिसावर राहणार, हे क्वचितच. संसार मोडायची वेळ आली की ऐकीव माहितीच्या भीतीने मुली छळ सोसत राहतात. म्हणून अमेरिकेबद्दलचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : घटस्फोटाने ग्रीन कार्ड रद्द होतं.
वस्तुस्थिती : १० वर्षांचं कार्ड केवळ घटस्फोटाने जात नाही. फक्त अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला नागरिकत्वासाठी मिळणारी ३ वर्षांची सवलत जाते आणि ५ वर्षं थांबावं लागतं. कार्ड मिळताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर मात्र २ वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं.

गैरसमज : सशर्त कार्डाची अट काढायला नवऱ्याची सही लागतेच.
वस्तुस्थिती : एरवी मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ अर्ज करायचा असतो. घटस्फोट किंवा छळ झाला असेल, तर पत्नी एकटी अर्ज करू शकते आणि त्या ९० दिवसांची वाटही पाहावी लागत नाही. लग्न कार्डासाठी नव्हे, संसारासाठी केलं होतं, हे मात्र दाखवावं लागतं. तिथे साधे कागद उपयोगी पडतात : दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, टॅक्स रिटर्न, मुलांचे जन्मदाखले, साखरपुड्यापासूनचे फोटो.

गैरसमज : नवऱ्याने घराबाहेर काढलं की एच-४ (नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्याच्या पत्नीला मिळणारा) व्हिसा संपला.
वस्तुस्थिती : नुसतं वेगळं राहिल्याने तो संपत नाही, घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की पत्नीचा तो दर्जा संपतो. म्हणून शिक्षणाच्या किंवा स्वतःच्या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज हुकमाआधीच करावा. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर छळ झालेल्या पत्नीला स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या ‘व्हावा’ कायद्याखाली ग्रीन कार्डासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो; घटस्फोटानंतर त्याची मुदत २ वर्षं असते.

गैरसमज : अमेरिकेतल्या कोर्टाने घटस्फोट दिला म्हणजे भारतातही तो झालाच.
वस्तुस्थिती : तिरुपतीत झालेल्या एका लग्नाचा मिसुरीच्या कोर्टाने दिलेला घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केला नाही. वाय. नरसिंह राव खटल्यातला हा निकाल सांगतो, की कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण दोन्ही आपल्या विवाह कायद्यात बसायला हवीत. पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मान्य करून बाजू मांडली किंवा संमती दिली, तर गोष्ट वेगळी. पण इथे अमान्य ठरलेला हुकूमही अमेरिकेत व्हिसावर परिणाम करू शकतो. म्हणून तिथल्या कोर्टाची नोटीस कपाटात टाकून देऊ नका.

गैरसमज : दावा लावायला मुलीला पुन्हा तिकडेच जावं लागतं.
वस्तुस्थिती : हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. पत्नी जिथे राहते, तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. बारामतीला माहेरी राहणारी मुलगी बारामतीच्या कोर्टात दाद मागू शकते. राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडेही तक्रार करता येते.

आईवडिलांना एवढंच सांगणं : लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लगेच करा. मुलीच्या पासपोर्ट, व्हिसा आणि कार्डाच्या प्रती घरी ठेवा. घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी तिला तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यायला लावा.