शेगांवचे केस आणि शास्त्राची साक्ष

शास्त्राचें नांव घेतलें कीं वाद मिटला, असें मानण्याची संवय आपणां सुशिक्षितांस विशेष जडलेली असते. परंतु त्या शास्त्राची साक्ष किती पल्ल्याची आहे, हें पाहण्याची तसदी फार थोडे घेतात. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत घडलेला प्रकार या दृष्टीनें मननीय आहे.

२०२४ च्या डिसेंबरअखेर तेथील कांहीं खेड्यांत लोकांच्या डोक्यास कंड सुटून तीन-चार दिवसांत केस मुठीमुठीनें गळूं लागले. पुढें १८ गांवांत २७९ जणांची नोंद झाली. कित्येक तरुण मुलींचें शिक्षण व लग्न खोळंबलें. प्रथम संशय पाण्यावर गेला, कारण तपासणींत नायट्रेट अधिक आढळलें. दोष सांपडला खरा. पण जो सांपडला तोच कारण, असें थोडेंच ठरतें? इतक्या झपाट्यानें केस जाण्याचें नायट्रेट हें परिचित कारण नव्हे.

जानेवारींत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें पथक आलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें विंचूदंशावरील संशोधनामुळें प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रेशनच्या गव्हांत सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचें जाहीर केलें. वृत्तपत्रांनीं तो आंकडा मथळ्यांत घातला. परंतु 'पट' ही केवळ तुलना. अपाय होतो तो पोटांत गेलेल्या मात्रेनें. न धुतलेल्या गव्हांत किलोमागें १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतें. म्हणजे पाव किलो गव्हाबरोबर साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक पोटांत जाईल. अमेरिकेंत प्रौढासाठीं दिवसाची वरची मर्यादा ०.४ मिलिग्रॅम मानतात. रोग्यांच्या रक्तांतही तें वाढलेलें मिळालें, आणि एप्रिलमध्यें त्याच भागांत नखें गळूं लागलीं. हेंही सेलेनियमच्या विषबाधेचेंच लक्षण. साक्ष बळकट झाली, यांत शंका नाहीं.

तरीही तिला सीमा आहेच. तोच शिधा घेणारे शेजारी कां वाचले? पंजाबांतील कांहीं जमिनींत सेलेनियम पुष्कळ आहे, हें जुनें ज्ञान. पण दाण्यांत काय आहे हें सांगणारी परीक्षा, तो दाणा कोणाच्या शेतांत पिकला हें सांगत नाहीं.

मग अधिकाऱ्यानें पूर्ण पुरावा येईतों स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. संशयित धान्य थांबविण्यास सबळ संशय पुरे. कोणास दोषी ठरविण्यास मात्र पुराव्याची सबंध सांखळी हवी. हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली कीं एकतर उशीर होतो, नाहींतर अन्याय होतो.

पत्रकारानेंही नमुने किती, तुलना कशाशीं आणि अद्याप काय अज्ञात, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून मथळा बांधूं नये. आपणही घरीं वृत्तपत्र वाचून दाखवितांना हेच प्रश्न मुलांपुढें ठेवावे. 'अजून ठाऊक नाहीं' असें प्रांजळपणें म्हणणें, ही शास्त्राची दुर्बलता नसून त्याची सचोटी होय.