आधी सक्ती, मग रेंज

२०१७ च्या पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. आमच्या भागातल्या एका सेवा केंद्रावर एक काका कारभारणीला घेऊन सकाळपासून बसलेले. यंत्र अंगठा घेईना. धोतराला पुसून त्यांनी तो पुन्हा ठेवला. डवरे-वखर धरून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. तिसऱ्या खेपेला अंगठा उमटला, आणि लिंक गेली. "रात्री दोनला या, तेव्हा नेट चालते," केंद्रवाला म्हणाला. दोघे रात्री दोनला आले.

मागे वळून पाहताना मला हेच दिसते: बुलढाणा जिल्ह्यात नेटची सक्ती आधी पोचली, नेट मागून येत राहिले.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले. २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले, पण ते तांब्याच्या तारेवरचे. एक्सचेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. मग शेतवस्तीला काय मिळणार? मलकापूर, नांदुरा, शेगाव हा रेल्वेचा पट्टा, खामगाव, चिखलीसारखी बाजाराची गावे एकीकडे. संग्रामपूर, जळगाव जामोदची सातपुड्यालगतची खेडी दुसरीकडे. अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूच्या आदिवासी वस्त्या तर त्याही पलीकडे. विरळ वस्तीत टॉवरचा खर्च निघत नाही, म्हणून कंपन्या तिथे उशिरा जातात. नेमक्या अशाच भागांत दूरसंचार सेवा पोचवण्यासाठी कंपन्यांच्या महसुलाचा ५ टक्के वाटा २००२ पासून सरकार घेत आले आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. मुदत दोन वर्षांची होती. योजनेचे नाव बदलून भारतनेट झाले, मुदती लांबत गेल्या. शिवाय केबल ग्रामपंचायतीच्या पेटीत आली म्हणजे घरात नेट आले असे होत नाही.

खरा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने केला. स्वस्त डेटा पोरांच्या हातात आला, पण टॉवर होता तिथेच. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरल्या, तेव्हा घरात एक फोन आणि तो बापासोबत वावरात. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. फोटो बांधावर काढायचा आणि पाठवायला रेंज असलेल्या ठिकाणी जायचे. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. खामगावच्या बाजारपेठेत तेवढेच पैसे, पायथ्याच्या खेड्यातही तेवढेच. रेंज नसलेल्या दिवसांचे पैसे कुणी कापून देत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

२७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे लोकार्पण झाले. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली होती. ओटीपी यायचा फोनवर, फोनला रेंज यायची फाट्यावर. बाया पोरांना कडेवर घेऊन फाट्यावर येत होत्या.