ओरायनच्या नियंत्रणकक्षापासून : स्टुटगार्टशी निगडित विज्ञानकथापटांतील अभिनेते
पश्चिम जर्मनीतील पहिली विज्ञानकथा मालिका म्हणून ओळखली जाणारी ‘राउमपत्रुल्ये’, म्हणजेच अंतराळगस्त, म्युनिकजवळच्या बव्हारिया चित्रनगरीत तयार झाली असली, तरी तिचा एक धागा स्टुटगार्टपर्यंत जातो. कारण १९५९ मध्ये या चित्रनगरीत ज्यांच्या उपकंपन्यांनी भागीदारी घेतली, त्यांत स्टुटगार्टची झ्युडडॉयचर रुंडफुंक ही प्रादेशिक सार्वजनिक प्रसारण संस्थाही होती. १७ सप्टेंबर १९६६ पासून या मालिकेचे अवघे सात कृष्णधवल भाग प्रसारित झाले.

कलादिग्दर्शक रॉल्फ त्सेटबाउअर यांनी मालिकेतील ओरायन या अंतराळयानाच्या नियंत्रणकक्षात कपड्यांची इस्त्री, न्हाणीघरातले नळ आणि पेन्सिलीला टोक काढण्याची यंत्रे उपकरणे म्हणून बसवली होती, आणि असल्या वस्तू हाताळत पृथ्वीवरचे संकट परतवण्याचे काम नटांना चेहऱ्यावरची रेषही न हलवता करायचे होते. मालिका प्रेक्षकांना पटली याचे श्रेय देखाव्यापेक्षा डीटमार शॉनहेर, एव्हा फ्लुग आणि वोल्फगांग फ्योल्त्स यांच्या संयत, रोजच्या कामावर हजर असल्यासारख्या वावराला अधिक द्यावे लागते. त्याचे फळ मात्र सर्वांना सारखे मिळाले नाही. फ्योल्त्स पुढे ‘कॅप्टन ब्लाउबेर’ या बालप्रिय अस्वलाचा आवाज म्हणून घरोघरी पोहोचले. उलट, कप्तानाला खडसावणारी सुरक्षा अधिकारी साकारणाऱ्या फ्लुग यांच्याकडे त्यानंतर पडद्यावरील कामे फारशी आली नाहीत, कारण ती स्त्री त्या काळाला फार स्वतंत्र वाटली, असे त्यांनी पुढे सांगितले. मालिकेच्या गौरवात हा अन्याय बहुधा झाकला जातो, आणि तो झाकला जाऊ नये.

पुढचा टप्पा थेट स्टुटगार्टचा आहे. तेथे जन्मलेल्या रोलांट एमरिख यांच्या ‘दास आर्खे नोआ प्रिन्त्सिप’ (१९८४) या चित्रपटात अवकाशस्थानकावर अडकलेला तरुण साकारणारे रिची म्युलर २००८ पासून ‘टाटओर्ट’ या गुन्हेशोध मालिकेत स्टुटगार्टचे पोलीस अधिकारी लानर्ट म्हणून दिसू लागले. स्टुटगार्टजवळ चित्रित झालेल्या ‘मून ४४’ (१९९०) मध्ये अभिनय करताना डीन डेव्हलिन यांची एमरिख यांच्याशी गाठ पडली आणि ते अभिनय सोडून त्यांचे सहलेखक झाले. या जोडीच्या ‘स्टारगेट’ (१९९४) चित्रपटातून, त्यांच्या सहभागाविना, ‘स्टारगेट एसजी-१’ ही दहा पर्वांची मालिका (१९९७–२००७) निघाली. तिच्यात बहुतेक भूमिकांसाठी नवे नट आले. मात्र अलेक्सिस क्रुझ आणि दार्जिलिंगमध्ये जन्मलेले पारशी अभिनेते एरिक अवारी यांनी चित्रपटातील आपापल्या भूमिका मालिकेतही पुढे चालवल्या.