बोल्ट किती आवळला, हे कशावरून कळतं?

इंजिनाच्या बोल्टवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं कुणाला वाटेल. सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीचं हेड गॅस्केट बदललं. मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने टॉर्क रेंच वापरला, आकडा पुस्तकातला लावला, प्रत्येक बोल्टला ‘कट्’ असा आवाज आला. महिन्याभरात इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागलं. पाणी शिरलं होतं. हेड उघडलं तेव्हा दिसलं की ब्लॉकमधले आटे साफच केले नव्हते. गंज आणि जुना गाळ तसाच.

आवाज तर खरा होता. मग चुकलं कुठे?

बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग समजा. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबून बसतं. आपल्याला हवा असतो तो हा ताण. टॉर्क रेंच ताण मोजतच नाही! पाना फिरवायला किती जोर लागला, एवढंच तो सांगतो. त्या जोरातला, ढोबळ हिशेबाने, निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांमध्ये, आणि ताणाच्या वाट्याला येतात जेमतेम 10 टक्के. घर्षण थोडं वाढलं की या दहातलेच कमी होतात. कट् मात्र वेळेवर वाजतो.

आपल्याकडचे नैयायिक हे फार नेमकं सांगून गेलेत. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. या लपून राहिलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. ‘कट् वाजला, म्हणजे ताण आला’ या अनुमानात आट्यांची अवस्था ही उपाधी आहे.

म्हणून आधी आटे स्वच्छ. तेल लावायचं की नाही, ते पुस्तक सांगेल तसंच. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून वापरलात तर ताण जास्त होतो, बोल्ट तुटूही शकतो. आणि बंद तळाच्या भोकात तेल साचलेलं नको. बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं, त्याला वाट नसते, ब्लॉकला तडा जातो.

आवळायचं टप्प्याटप्प्याने, बहुतेक इंजिनांत मधून बाहेरच्या बाजूला, म्हणजे हेड सपाट बसतं. पुष्कळ नव्या इंजिनांत आधी थोड्या टॉर्कने बोल्ट बसवतात आणि मग ठरावीक कोनात, समजा 90 अंश, फिरवतात. ही युक्ती मला फार आवडते. 1.5 मिलिमीटर पिचचा बोल्ट पाव फेऱ्यात 0.375 मिलिमीटर पुढे सरकतो, मग आटे कोरडे असोत की तेलकट. उपाधीला बरीचशी बगल दिली! असे काही बोल्ट मुद्दाम इतके ताणतात की ते पुन्हा मूळ लांबीवर येत नाहीत. ते परत वापरायचे नसतात.

माझ्या गाडीला दुसऱ्या वेळी सगळे बोल्ट नवे घातले. आटे ब्रशने, मग हवेच्या झोताने साफ केले. मी स्टुलावर बसून प्रत्येक भोकात टॉर्च मारून पाहत होतो. मेकॅनिक वैतागला होता, पण काही बोलला नाही.